दुपारची बादली

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव घेईना. नदीत वाळू तेवढी उरली, विहिरींचे तळ उघडे पडले, आणि अकरा वस्त्यांची सगळी भिस्त हापशांवर येऊन पडली. हापसे एकतीस, आणि त्यांचा मिस्त्री एकच.

मिस्त्री उंचापुरा, खांद्यांनी रुंद, हाताचे तळवे पान्यांवर घासून घट्ट झालेले. सायकलच्या मागे हत्यारांची पिशवी, पुढे बादली, आणि शर्टाच्या आत पोटाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही. चौदा वर्षं तो हंगामी होता. दर वर्षी 'पुढील अकरा महिन्यांसाठी' असं पत्र यायचं आणि दर वर्षी ते येईपर्यंत घरात कुणाला नीट झोप लागायची नाही. या खेपेला मात्र पाणी खात्याच्या इंजिनियर साहेबांनी कायम करण्याचं पत्र तयार ठेवलं होतं. सहीपुरतं अडलं होतं. गेल्या दोन वर्षांत मिस्त्रीच्या वहीत एकही हापसा बंद दिसत नव्हता, आणि असा माणूस साहेबांना दुसरा ठाऊक नव्हता.

मोजायची रीत खात्यानेच घालून दिली होती. दांडा चाळीस वेळा मारायचा. बादली भरली तर 'चालू'च्या रकान्यात खूण, नाही भरली तर 'बंद'च्या. मिस्त्रीच्या वहीतला 'बंद'चा रकाना दोन वर्षं कोरा करकरीत होता आणि तो रकाना लोकांना दाखवायला त्याला फार आवडायचं. पाहुणे आले की चहाच्या आधी वही बाहेर निघायची.

अशात साहेबांचा फोन आला. वरच्या कचेरीतून एक बाई यायच्या होत्या. पैशाअडक्याची तपासणी नाही, खातं आपलं काम मोजतं कसं आणि वर कळवतं कसं, तेवढं बघणार. वही व्यवस्थित ठेव, जास्त बोलू नकोस, आणि पत्राचं त्या गेल्यावर बघू, असं साहेबांनी बजावलं.

मिस्त्रीच्या आईला हे काही पटलं नाही. हापसा चालू आहे की बंद, हे तांब्या खाली धरला की कळतं, त्याला वरून बाई कशाला, असं ती म्हणाली. मिस्त्री हसला. बायको हसली नाही. ती डावा खांदा चोळत उंबऱ्याशी बसली होती आणि तिचं लक्ष कोपऱ्यातल्या हंड्यांकडे होतं.

तपासणीबाई सकाळच्या अंधारातच एसटीतून उतरल्या. चाळिशीच्या, सडपातळ, पायांत जाड चपला, गळ्यात चष्मा. मिस्त्रीला गंमत वाटली ती त्यांच्या हातातल्या वस्तूची. बाईंनी स्वतःची बादली आणली होती. आत पट्टीसारख्या रेघा आखलेल्या होत्या.

"आमची बादली चालणार नाही का, मॅडम?" त्याने विचारलं.

"चालेल की. दोन्ही भरू. बघू या, एकसारख्या भरतात का."

मिस्त्री भल्या पहाटे निघायचा तो उन्हाच्या भीतीने. नऊ वाजता लोखंडी दांड्याला हात लावला तर चटका बसायचा. रोज पाच-सहा हापसे, आठवड्यात एकतीस. कुठल्या वारी कुठला हापसा हे ठरलेलं, आणि मिस्त्रीच्या सायकलवरून लोकांनी घड्याळ लावावं इतका तो वेळेचा पक्का. त्या दिवशी पहिली पाळी त्याच्याच गल्लीतल्या हापशाची होती. त्याने पाय रोवले, दांडा खालपर्यंत दाबला, वरपर्यंत सोडला. चौतीस दांड्यांत त्याची बादली भरली. छत्तिसात बाईंची.

बाईंनी दोन्ही आकडे लिहून घेतले. कुणाची तरी सायकल मागून घेऊन त्या त्याच्याबरोबर फिरल्या. शाळेजवळचा हापसा, गिरणीजवळचा, वळणावरचा, खालच्या वस्तीतला. पाचही चालू. मिस्त्रीची छाती फुगत चालली.

बाई मात्र प्रश्न विचारायच्या, आणि प्रश्न असे की मिस्त्रीला उत्तर यायचं पण आपण ते आधी कधी दिलं नव्हतं असंही जाणवायचं. चाळीसच दांडे का, तीस का नाहीत? खात्याने ठरवलंय. खात्यात कुणी मारून बघितले होते? ते काही मिस्त्रीला माहीत नव्हतं. त्याच्याऐवजी म्हाताऱ्या माणसाने मारले तर बादली भरेल का? त्याला हसू आलं. म्हाताऱ्या माणसाने कशाला मारायचे, मिस्त्री आहे की. मग पाणी भरायला कोण येतं? बायका येतात, असं म्हणून त्याने सायकल पुढे काढली.

वाटेत सावलीला बसल्यावर बाईंनी आपण का आलो ते साध्या शब्दांत सांगितलं. खात्याच्या मोठ्या अहवालात लिहिलंय, शंभरातले अठ्ठ्याण्णव हापसे चालू. त्यांना तो आकडा खोटा वाटत नव्हता आणि खराही वाटत नव्हता. त्यांना फक्त तो आला कुठून ते बघायचं होतं. मोठ्या कचेरीत विचारलं तर ते म्हणाले लहान कचेरीने कळवलं. लहान कचेरी म्हणाली मिस्त्रींच्या वह्यांतून. म्हणून त्या आकड्याचं बोट धरून बाई इथपर्यंत आल्या होत्या.

"म्हणजे तो आकडा माझा?" मिस्त्रीने विचारलं.

"थोडा तुमचा. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. पण तुमची वही सगळ्यात स्वच्छ."

हे कौतुक होतं की आणखी काही, ते मिस्त्रीला कळलं नाही. त्याने कौतुक म्हणून घेतलं.

दुपारची परतीची एसटी तीन वाजता होती. तोवर बाई मिस्त्रीच्याच घरी टेकल्या. बाहेर ऊन असं की दारातल्या कुत्र्याने भिंतीच्या सावलीत अंग चिकटवून ठेवलेलं. बायकोने पाणी आणून दिलं. पेला अर्धाच होता. मिस्त्रीने डोळे वटारले. पाहुण्याला कुणी अर्धा पेला देतं का? बायको आत गेली ती बाहेर आलीच नाही. तो स्वतः उठला, हंड्याशी गेला आणि वाकून बघू लागला. दोन हंडे पालथे. तिसऱ्यात तळाला पाणी, तेही तिरपं करून घ्यावं लागेल एवढं.

हापसा घरापासून चाळीस पावलांवर होता आणि वहीप्रमाणे तो चालू होता.

तपासणीबाईंनी अर्धा पेला शांतपणे संपवला. मग त्यांनी तक्रार वही मागितली. ही दुसरी वही. हापसा बिघडला तर लोकांनी तीत लिहायचं. तीन वर्षांमागे तीत अठ्ठावन्न तक्रारी होत्या, गेल्या वर्षी सात, यंदा एकही नाही. खात्याच्या अहवालात याचंसुद्धा कौतुक होतं.

"तक्रारी संपल्या," बाई म्हणाल्या, "की यायच्या बंद झाल्या?"

"दोन्ही एकच ना, मॅडम."

आतून बायकोचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता. "एक नाही ते."

ती दारात आली. चूल पुसायचं फडकं हातातच होतं. पूर्वी आपणच सांगितलं होतं, ती म्हणाली, की दुपारी पाणी येत नाही. तेव्हा मिस्त्री दुसऱ्या पहाटे हापशावर गेला, बादली भरून दाखवली आणि आईदेखत म्हणाला, तुम्हा बायकांना हापसता येत नाही, जोर लावायला नको. शेजारणीला तेच सांगितलं, खालच्या वस्तीत तेच. मग कोण लिहील? लिहिलं तर दुसऱ्या दिवशी बादली भरणार आणि लिहिणारीच खोटी पडणार.

मिस्त्रीला उत्तर द्यायचं होतं, पण तपासणीबाई तोवर बादली घेऊन उठल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दोष देणंही नव्हतं. शाळकरी मुलीने काहीतरी उघडून बघायला निघावं तसा तो चेहरा दिसत होता.

हापशावर बारा-तेरा बायका होत्या. हंड्यांची रांग लावून, स्वतः भिंतीला टेकून. एकजण दांडा मारत होती आणि नळीतून पाण्याऐवजी घरघर येत होती. मिस्त्रीला बघून त्या बाजूला झाल्या. त्याने बाह्या वर सारल्या, पाय रोवले. दांडा तापलेला. पहिले सहा दांडे पाणी आलं, बोटाएवढ्या धारेने. मग धार तुटली. मग एक घोट पाणी, तीन घोट हवा. वीस. तीस. त्याच्या कपाळावरून घाम बादलीत पडला. रांगेतल्या एका म्हातारीने तोंडावर हात ठेवून म्हटलं, "मिस्त्री, जोर लावा की."

बायका हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, पण मिस्त्रीच्या कानापर्यंत रक्त चढलं. ते वाक्य त्याचंच होतं. चौदा वर्षांत किती जणींना ऐकवलं असेल, त्याचा हिशेब नव्हता.

चाळिसाव्या दांड्याला बाईंनी वाकून बादलीतल्या रेघा बघितल्या. चार बोटं पाणी. मिस्त्री थांबला नाही. सत्तर, ऐंशी, नव्वद. खांद्यात कळ आली, तशी त्याने दांडा सोडला. बादली अर्धीही झाली नव्हती. त्याच्या मनात एकदम आलं की बायको रोज डावा खांदा चोळत बसते.

आता यात न समजण्यासारखं काय होतं? बोअरमध्ये रात्रभर पाणी साठतं, दिवसा उपसलं की खाली जातं आणि पाइप उघडा पडतो, हे कुठल्याही मिस्त्रीला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. यालाही येत होतं. पण ते त्याला ठाऊक होतं तसं ठाऊक राहिलं, आणि वही वहीच्या जागी राहिली. दोन्हींची गाठ कधी पडली नव्हती.

तपासणीबाईंना तरीही काहीतरी खटकत होतं. पहाटे पाणी वर असतं हे कबूल. पण बायका पहाटेच भरायला येतात. मिस्त्री येण्याआधी पाच-दहा हंडे भरून झालेले असायला हवेत, मग त्याची बादली चौतिसात कशी भरते? त्यांनी हे रांगेकडे बघून विचारलं. रांगेने मागोमाग आलेल्या मिस्त्रीच्या बायकोकडे बघितलं.

बायकोने मान खाली घातली. हातातल्या फडक्याची घडी केली.

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "ह्यांचा वार असेल त्याच्या आदल्या संध्याकाळपासून कुणी हापशाला हात लावायचा नाही. ह्यांना रांगेत थांबायला लागलं की पुढे ऊन लागतं. एकदा शेवटच्या वस्तीत घेरी येऊन पडले होते सायकलवरून. म्हणून म्हटलं, मिस्त्री येऊन जाऊ दे, मग भरू."

एकीने दुसरीला सांगितलं, ती माहेरी गेली तेव्हा तिथे सांगून आली. दोन वर्षांत अकराही वस्त्यांत ती रीतच पडून गेली. मिस्त्रीचा वार आला की संध्याकाळपासून हापसा सोवळ्यात ठेवल्यासारखा ठेवायचा, सकाळी तो येऊन गेला की मग झुंबड. मिस्त्रीला याचा गंधही नव्हता. आपण पोचतो तेव्हा हापशाभोवतीचा ओटा कोरडा असतो, हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं आणि एकदाही मनाला विचारलं नव्हतं की हा कोरडा का.

बाईंनी लिहिणं थांबवलं. इतक्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, त्या म्हणाल्या, आकडे फुगवणारे पाहिले, दडवणारे पाहिले. मायेने बिघडलेला आकडा पहिल्यांदाच बघतेय.

मग त्यांनी विचारलं की पाइप दोन नग खाली उतरवले तर दुपारी पाणी येईल का. येईल, मिस्त्री म्हणाला, खाली पाणी आहे. मग उतरवले का नाहीत? कारण कोठारातून पाइप मिळतो तो बंद हापशाला, आणि बंद तर एकही नाही. हे उत्तर देऊन झाल्यावर मिस्त्री तिथेच ओट्यावर बसला. पाइप मागणीच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक त्याच्या पिशवीत दोन वर्षं होतं. पहिलं पान पिवळं पडलं होतं.

जाताना बाईंनी दुपारचं मोजमाप कागदावर लिहून त्याची सही घेतली. एवढ्या एका हापशावरून काही ठरत नाही, हेही सांगितलं. बाकीचे तीस त्यांनी दुपारी बघितलेले नव्हते. एसटीत चढताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला बघावंसं वाटलं तर बघा."

मिस्त्रीला बघावंसं वाटलं. नुसतं वाटलं नाही, त्याचा ध्यासच लागला. आठवडाभर तो डोक्याला ओलं फडकं बांधून बारा वाजता निघायचा. आईने डोक्याला हात लावला, उन्हात मरशील म्हणून बडबडली. शाळेजवळचा हापसा दुपारीही चौतिसात भरला, तेव्हा त्याला आनंदापेक्षा नवल जास्त वाटलं. हाच का टिकतो? गिरणीजवळचा तिसाव्या दांड्याला कोरडा. खालच्या वस्तीत त्याने दांडा स्वतः मारलाच नाही. एका गरोदर बाईला मारायला दिला आणि आपण मोजत उभा राहिला. ती छोटे छोटे दांडे मारत होती, मध्ये कमरेवर हात ठेवून थांबत होती. त्याने जोर लावा म्हटलं नाही. बादली भरायला एकशे बारा झाले. वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याने पेन्सिलीने सगळं उतरवलं. एकतिसातले एकोणीस दुपारी बंद.

संध्याकाळी बायको तेल लावून त्याचे खांदे चोळायची. एकदा त्याने हात मागे नेऊन तिची बाटली काढून घेतली आणि म्हणाला, तू वळ, तुझा डावा दाखव. तिला लाज वाटली. सासू समोरच बसली होती. पण ती वळली.

"पत्राचं काय?" तिने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं. तो तिचा खांदा चोळत राहिला. त्याला ते पत्र हवं होतं. चौदा वर्षं हवं होतं.

तपासणीबाईंचा कागद कचेरीत पोचला आणि साहेबांची झोप उडाली. तुझ्या गल्लीतल्या हापशाच्या पुढच्या वाराला मी स्वतः येतो, त्यांनी मिस्त्रीला फोनवर सांगितलं. माझ्यासमोर बादली भरली की तसा शेरा मारू, एका दुपारचं काय एवढं. पत्र घेऊनच येतो.

ही बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. मिस्त्रीने कुणाला काही सांगितलं नव्हतं, बायकोनेही नाही. आई मात्र फोनच्या वेळी शेजारीच बसली होती.

सकाळी उजाडता साहेबांची जीप हापशाशी उभी राहिली. बायका आधीच जमल्या होत्या, रिकामे हंडे काखेत धरून, भिंतीकडेला. मिस्त्री बादली घेऊन आला आणि त्याने पहिल्यांदा ओट्याकडे बघितलं. ओटा कोरडा ठणठणीत होता. कडेच्या चरातली मातीसुद्धा भेगाळलेली. काल संध्याकाळपासून कुणी थेंब उपसला नव्हता. त्याने बायकांकडे बघितलं. ती 'जोर लावा' म्हणणारी म्हातारी मान हलवून त्याला धीर देत होती. त्याच्या पत्रासाठी पूर्ण गल्ली रात्रभर तहानलेली राहिली होती.



"चला, मारा चाळीस," साहेब म्हणाले. त्यांच्या खिशातून लिफाफ्याचं टोक दिसत होतं.

मिस्त्रीने दांड्यावर हात ठेवला. थंडगार होता. चौतिसात भरेल, त्याला खात्रीच होती. मग त्याने हात काढून घेतला, बादली बाजूला ठेवली आणि बायकांना म्हणाला, "आधी तुम्ही भरून घ्या."

कुणी हललं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि हे काय म्हणून विचारलं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग त्याची बायको पुढे आली. तिने हंडा नळीखाली लावला आणि दांडा मारायला लागली, डाव्या खांद्याला सांभाळत. तिच्यामागे दुसरी आली. पहिले पाच हंडे भरभर भरले. सातव्याला धार बारीक झाली. नवव्याला घरघर सुरू झाली. साहेब जीपमधून उतरून जवळ आले होते. ते नळीकडे बघत होते, आणि त्यांच्याही नकळत ओठांत मोजत होते.

तेराव्या बाईचा हंडा भरता भरेना. तिने तो तसाच अर्धा उचलला. मग मिस्त्रीने बादली लावली आणि चाळीस दांडे मारले, खालपर्यंत, वरपर्यंत. एकही कमी नाही. पाणी चार बोटंसुद्धा आलं नव्हतं.

"आणि बाकीचे?" साहेबांनी हळूच विचारलं.

"अठरा असेच आहेत, साहेब. उन्हात जाऊन मोजलेत."

त्याने पोटाशी धरलेली वही काढली, ओट्यावर टेकवली. 'बंद'च्या कोऱ्या रकान्यापाशी पेन नेलं. त्याने खूण केली. मग पाइपच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक काढून पिवळ्या पानावर 'दोन नग' असं लिहिलं आणि ते साहेबांपुढे धरलं. बंद हापशाच्या चिठ्ठीवर सही करणं साहेबांना भाग होतं. त्यांनी चिठ्ठीवर सही केली, आणि लिफाफा खिशात आणखी आत सारून ते जीपमध्ये जाऊन बसले.

जीप वळणावरून दिसेनाशी होईतो मिस्त्री तिकडे बघत राहिला. या वर्षीही 'पुढील अकरा महिन्यांसाठी'च, आणि तेही आलं तर. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बायकोने त्याच्या पायापाशी ठेवलेली बादली उचलली. तळाचं ते चार बोटांहून कमी पाणी तिने त्या तेराव्या बाईच्या अर्ध्या हंड्यात ओतलं आणि मिस्त्रीला म्हणाली, "चला घरी, ऊन व्हायच्या आत खाऊन घ्या. दुपारी फिरायचंय तुम्हाला."